रूममेट्सबरोबर राहताय? मग रात्रीच्या जेवणाचं आधी ठरवून टाका

दरवर्षी शिकायला नवीन मुलं आली की मी त्यांना घर लावायला मदत करते, बाहेर राहून आता बरीच वर्षं झाली त्यामुळे काय काय अडतं ते माहितीये, आणि भाडं, बँक, सिमकार्ड हे सगळं सांगून झालं की माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो रात्रीच्या जेवणावर. कारण बाकीची कामं एकदा केली की संपतात, भूक मात्र रोज लागते. दिवसभर लेक्चर, त्यात पार्ट टाइम जॉब, दमून घरी यायचं आणि मग काहीतरी बाहेरून मागवायचं, असं पहिल्या महिन्यात बहुतेकांचं होतं आणि पैसे कुठे गेले ते कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की साधं जेवण करायला अर्धा तास लागतो, काय करायचं हे ठरवण्यात तास जातो. म्हणून ठरवणं आधी उरकून टाका.

सगळ्यात आधी पाळ्या लावा. ज्याची पाळी त्याने सगळ्यांचं करायचं, बाकीच्यांनी भांडी घासायची आणि ओटा पुसायचा. चौघांनी चार वेळा चार छोट्या कढया चढवायच्या म्हणजे गॅसही तेवढा वेळ अडतो आणि भांडीही चौपट पडतात, उलट एकासाठी करायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा फार तर दहा मिनिटं जास्त चौघांसाठी लागतात. परीक्षा असेल त्याने दिवस बदलून घ्यावा, त्यात काही नाही. ज्याला काहीच येत नाही त्याने एकच पदार्थ शिकावा आणि आपल्या पाळीला तोच करावा, दर आठवड्याला तेच खायला कुणी कंटाळत नाही, आयतं ताट मिळतंय ना! फक्त भांडी त्याच रात्री घासली गेली पाहिजेत, किचनवरून होणारी बहुतेक भांडणं सिंकपाशीच सुरू होतात हे मी खात्रीने सांगते.

आणि पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कोण काय खात नाही, कुणाला कसली अ‍ॅलर्जी आहे. शेंगदाणे, दूध, अंडी, मासे याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते, तिथे संकोच करायचा नाही. घरात शाकाहारी कुणी असेल तर एक कढई आणि एक डाव त्यांच्यासाठी वेगळा ठेवा.

आता मुख्य गोष्ट. सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून कांदा-टोमॅटोचा मसाला मोठ्या पातेल्यात करून ठेवा. किलोभर कांदे बारीक चिरून तेलात टाका आणि घाई करू नका, आधी ते पाणी सोडतील, मग पारदर्शक होतील, मग कडा लालसर व्हायला लागतील, तिथपर्यंत मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात आणि मधूनमधून हलवावं लागतं नाहीतर तळाला लागतं. मग आलं-लसूण, मग तेवढेच टोमॅटो आणि मीठ. टोमॅटो विरघळून बाजूने तेल दिसायला लागलं की झालं. तिखट आत्ता घालू नका, ज्या दिवशी जो करेल तो आपल्या अंदाजाने घालेल. गार झाला की छोट्या डब्यांत भरा, एका डब्यात एका वेळचा, आणि फ्रीझरमध्ये टाका. दोन-तीन महिने चांगला राहतो. नुसत्या फ्रीजमध्ये मात्र तीन दिवसच.

हा एक डबा असला की दमून आलेला माणूससुद्धा जेवण करू शकतो. उकडलेले छोले डब्यात मिळतात, ते निथळून मसाल्यात घातले आणि थोडं पाणी घालून दहा मिनिटं उकळले की ब्रेड किंवा भाताबरोबर जेवण तयार. मसाला पसरट पॅनमध्ये गरम करून त्यात खळगे करायचे, प्रत्येक खळग्यात एक अंडं फोडायचं आणि झाकण ठेवायचं, सात-आठ मिनिटांत पांढरं घट्ट होतं. पास्ता उकडला तर त्याच्यावर पण हाच मसाला, पास्ता माणशी साधारण 100 ग्रॅम धरा आणि त्याचं थोडं पाणी काढून ठेवा, ते मसाल्यात घातलं की सगळं नीट मिळून येतं.

मसाला संपला असेल तरी लाल मसूर डाळ घरात ठेवाच. ती भिजवावी लागत नाही, कुकर लागत नाही, साध्या पातेल्यात वीस मिनिटांत शिजते आणि तांदळालाही साधारण तेवढाच वेळ लागतो म्हणून दोन्ही एकत्र टाकता येतात. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मसूर, साडेचार वाट्या पाणी, मीठ, मूठभर फ्रोझन मटार, उकळी आली की आच कमी करून झाकण. तिघांचं पोटभर होतं. फ्रोझन भाज्यांना नाक मुरडू नका, तोडल्यावर लगेच गोठवलेल्या असतात त्यामुळे सत्त्व बऱ्यापैकी टिकतं, चिरायचा त्रास नाही आणि सडून फेकावी लागत नाही.

ओव्हन असेल तर वापरा, बरेच जण त्यात फक्त तवे ठेवतात. बटाटे, गाजर, फ्लॉवर एकसारखे चिरून तेल-मीठ चोळून ट्रेमध्ये एका थरात पसरा आणि 200 अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं, पंख्याचा ओव्हन असेल तर 180. ढीग केला तर भाजी भाजत नाही, नुसती वाफवते. तेवढ्या वेळात असाइनमेंटचं एक पान होतं.

काही गोष्टी मात्र कळकळीने सांगते. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तांदळातले काही जिवाणू शिजवल्यावरही बीजाणूंच्या रूपात टिकतात आणि भात कोमट राहिला की वाढून विष तयार करतात, ते विष परत गरम करून जात नाही. पसरट ताटात काढून लवकर गार करा, तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवा. दुसरं म्हणजे सुका राजमा. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा, मग पुढे मऊ होईपर्यंत शिजवा. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकायचा नाही, तेवढी उष्णता तिथे मिळत नाही आणि त्यातलं विष तसंच राहतं, पोट भयंकर बिघडतं. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, तो चालतो. कच्चं चिकन धुऊ नका, पाणी उडून सगळीकडे जंतू पसरतात, फ्रीजमध्ये ते सगळ्यात खालच्या कप्प्यात झाकून ठेवा. आणि तेल पेटलं तर पाणी अजिबात टाकायचं नाही, शेगडी बंद, वर झाकण, पातेलं हलवायचं नाही. आग वाढतेय असं वाटलं तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फायर ब्रिगेडला फोन करा. फोडणीने धुराचा अलार्म वाजतो म्हणून काही जण त्याची बॅटरी काढतात, कृपा करून काढू नका, खिडकी उघडा आणि फोडणी कमी आचेवर करा.

खर्चासाठी तांदूळ, डाळ, तेल, कांदे, अंडी एवढं कॉमन पैशांतून आणा, बाकी ज्याचं त्याने. जे अंडी खात नाहीत त्यांच्याकडून त्याचे पैसे घेऊ नका. फ्रीजमधल्या डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा, तीन दिवसांच्या वरचं कुणी खाऊ नये.

भांडी मात्र घर बघितल्याशिवाय घेऊ नका. शेगडी इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमची साधी पातेली त्यावर गरमच होत नाहीत. दुकानात जाताना खिशात एक छोटं चुंबक न्या, बुडाला घट्ट चिकटलं तर ते भांडं चालेल. सुरुवातीला एक मोठं जाड बुडाचं पातेलं, एक पसरट पॅन, एक सुरी आणि दोन लाकडी डाव एवढ्यावर सगळ्यांचं भागतं.