जुन्या ट्रॅक्टरचे चार्जिंग : नवी बॅटरी आणण्याआधी

पुणे जिल्ह्यात इंदापूर-बारामतीच्या ऊसपट्ट्यात एखादा जुना ट्रॅक्टर संध्याकाळी मुद्दाम उताराला लावलेला दिसला, की त्याची बॅटरी उतरते हे वेगळे विचारावे लागत नाही. मालक आधी नवी बॅटरी आणतो आणि तीही महिनाभरात उतरली की दुकानदाराशी वाद घालतो. खरे तर पट्टा, तारा आणि अर्थ (बॅटरीचे एक टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जिथे जोडतात तो जोड) तपासायला एक मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारे मीटर) व अर्धा तास पुरतो.

अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) फिरवणारा पट्टा अंगठ्याने मध्यभागी दाबून पाहावा. तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबणे योग्य असते. त्याच्या कडा काचेसारख्या चमकत असतील तर ताण बरोबर असूनही तो घसरतो.

इंजिन काही तास बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून अॅक्सिलरेटर मध्यम ठेवल्यावर हा आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. तो वाढलाच नाही तर चार्जिंग होत नाही, आणि १५ च्या वर गेला तर व्होल्ट मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर बिघडला आहे. अशा बॅटरीत सारखे पाणी घालावे लागते.

बहुतेक जण पुढची चाचणी टाळतात, आणि दोष तिथेच सापडतो. इंजिन चालू आणि हेडलाइट लावलेले असताना मीटरची एक सळई अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या धन खांबाला, म्हणजे क्लॅम्पला नव्हे तर शिशाच्या खांबालाच, टेकवावी. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर ती तार किंवा तिचा जोड वीज खातो. तसेच ऋण खांब आणि अल्टरनेटरचे अंग यांच्यात मोजावे. माझ्या ट्रॅक्टरवर इथे ०.९ व्होल्ट आले होते : रंगकाम करणाऱ्याने अर्थच्या पट्टीखालीही रंग मारला होता, आणि तो पॉलिश पेपरने घासून काढल्यावर चार्जिंग पूर्ववत झाले.

चावी फिरवताच चार्जिंगचा दिवा लागतो का, हेही पाहावे. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो, त्यामुळे एवढासा बल्ब उडाला तरी चांगला अल्टरनेटर गप्प बसतो. अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा डायनामो असेल तर मंद इंजिनावर दिवा किंचित पेटलेला राहणे स्वाभाविक आहे. मात्र इंजिन बंद केल्यावर डायनामोची तार तापत असेल तर कटआउटचे (डायनामो थांबल्यावर त्याचा बॅटरीशी जोड तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेले असतात; डायनामो आणि कटआउट काढून पुण्याच्या नाना पेठेत किंवा जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावेत.

अल्टरनेटर असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन चालू असताना कधीही काढू नये, कारण अल्टरनेटरमधले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात. बॅटरी सोडवताना अर्थचे टोक आधी काढावे. काही जुन्या ट्रॅक्टरांत धन टोक अर्थला असते, म्हणून खात्री करून घ्यावी. ट्रॉलीचे वेल्डिंग ट्रॅक्टर जोडलेला ठेवून करायचे असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवावेत.

चार्जिंग ठीक असूनही सकाळी सेल्फ फिरत नसेल, तर इंजिन बंद करून अर्थची तार सोडवावी आणि ती तार व खांब यांच्यामध्ये १२ व्होल्टचा लहान बल्ब जोडावा. तो पेटला तर वीज कुठेतरी गळते आहे. मग अल्टरनेटरची जाड तार काढून तिचे टोक टेपने झाकावे. बल्ब विझला तर डायोड गळका आहे, आणि तो बदलेपर्यंत रोज रात्री अर्थची तार काढून ठेवावी.