आधी दाराच्या चौकटीला उंची मोजा

थीम पार्कला जायचं ठरलं की आमच्या घरी आधी तिकिटांच्या ऑफर शोधल्या जातात. तुम्ही तसं करू नका. आधी पोरांना अनवाणी दाराच्या चौकटीला टेकवून उभं करा, डोक्यावर पट्टी आडवी धरा आणि पेन्सिलीने खूण करा. मग पार्कच्या वेबसाइटवर कुठल्या राइडला किती सेंटिमीटर लागतात ते बघा आणि प्रत्येक पोराच्या नावाने वेगळा कागद करा: यंदा जमणाऱ्या, मोठ्या माणसाबरोबर जमणाऱ्या आणि पुढच्या वर्षीच्या. आमचा भाचा एकदा तासभर रांगेत उभा राहिला आणि दारातल्या काठीला दोन बोटं कमी पडला. "माझे केस उभे करून मोजा ना" म्हणून त्याने तिथेच भोकाड पसरलं. ते रडणं घरी शुक्रवारी उरकून घेतलं असतं, तर रविवार वाचला असता. मोठ्यांचीही अशीच झाडाझडती घ्या. कंबर, मान, बीपी, हृदयाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण, यातलं काही असेल तर जोरदार राइड बाद.

आमच्या लहानपणी पार्क म्हणजे गोराई. १९८९ साली एस्सेल वर्ल्ड सुरू झालं आणि मार्वेच्या धक्क्यावरून लाँचने पलीकडे जाणं हीच पहिली राइड असायची. २०२२ मध्ये ते बंद पडलं. आता मुंबई-ठाण्याच्या लोकांच्या तोंडी थीम पार्क म्हणजे खोपोलीजवळचं, २०१३ साली उघडलेलं इमॅजिका. त्यामुळे इथली बरीचशी तयारी त्याच वाटेची आहे. तिथे थीम पार्क आणि वॉटर पार्क वेगळे आहेत. दोन्ही एका दिवसात उरकू म्हणणारे आमच्याकडे दरवेळी एक तरी निघतात. त्यांचं ऐकू नका. लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना एकच धड होतो.

दिवस निवडताना मधला वार गाठा. शाळेला एखादी जोडून सुट्टी असेल तर ती टाळलेलीच बरी, कारण तो बेत अख्ख्या मुंबईने केलेला असतो. मे महिन्यात दुपारी डांबर तापतं. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार आणि रांगा छोट्या, पण विजा चमकायला लागल्या की उंच राइड बंद ठेवतात. पावसात जाणार असाल तर प्रत्येकाला रेनकोट घ्या. छत्री तिथे नुसती अडगळ होते.

आता प्रवास. आम्ही डोंबिवलीकर, म्हणून लोकल. सीएसएमटीहून कर्जत १०० किलोमीटर आणि खोपोली त्याच्या पुढे आणखी १५. थेट खोपोली गाड्या मोजक्याच, नाहीतर कर्जतला बदलायची. म्हणून जातानाची आणि येतानाची, दोन्ही वेळा कागदावर लिहून घ्या. रविवारी दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद ठेवतात, तो मेगाब्लॉक शनिवारी रात्रीच बघायला विसरू नका. बोरिवलीची नणंद दादरला गाडी बदलून येते, पण सेंट्रलच्या मेगाब्लॉकला हिशेबातच धरत नाही, आणि मग आम्ही सगळे दादरच्या पुलाकडे डोळे लावून बसतो. खोपोली स्टेशनवर रिक्षा ठरवताना परतीचंही बोलून घ्या आणि रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा. संध्याकाळी पार्कच्या दारात सगळे एकदमच रिक्षा शोधत असतात.

गाडीने जाणार असाल तर सहाच्या आत घर सोडा. आमच्या बाजूने शिळफाटा आणि पुढे एक्सप्रेसवेवर लोणावळ्याला निघालेली गर्दी, असे दोन अडथळे ओलांडायचे असतात. खोपोलीचा फाटा घाटाच्या अलीकडेच आहे, त्यामुळे घाट चढावा लागत नाही. पण रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून उतरणारी रांग परतीच्या वाटेवर भेटतेच. दक्षिण मुंबईकरांना २०२४ पासून शिवडीहून अटल सेतू आहे. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, ते आदल्या दिवशीच बघा.

सासूबाईंसाठी एक जोडीचा बेत सुचवते. अष्टविनायकांतला वरदविनायक खोपोलीजवळच्या महडला आहे. चवदार तळ्याचं महाड ते वेगळं. आम्ही एकदा सकाळी दर्शन घेऊन पार्कला गेलो, तर सासूबाई दिवसभर प्रसन्न होत्या आणि बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या राखल्या. फक्त त्या दिवशी चतुर्थी नाही ना, एवढं कॅलेंडरात बघून घ्या.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. नवे बूट नकोत, जीन्स नको, ओढणी नको. मंगळसूत्र, नथ, मोठी कानातली घरी ठेवा. चष्म्याला मागून दोरी लावा. वॉटर पार्कला नायलॉनचेच कपडे लागतात. सुती टी-शर्ट घातला तर स्लाइडवर सोडत नाहीत आणि मग तिथेच महागात विकत घ्यावा लागतो. इमॅजिकातल्या नायट्रो राइडला पायाखालची फळी निघून जाते, पाय लोंबकळत राहतात आणि गाडी ४० मीटर उंचीवरून खाली झेपावते. तिथे चपला पायात राहतील या भरवशावर राहू नका. फोनसाठी चेनचा खिसा हवा.

पिशवी एकच आणि पाठीवरची. त्यात प्रत्येकाचा एक कोरडा जोड, ओल्या कपड्यांसाठी दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पंचा, टोप्या, पॉवर बँक, इलेक्ट्रालची पाकिटं, चिकटपट्ट्या आणि म्हाताऱ्यांची औषधं. बाहेरचं खाणं बहुतेक पार्क आत नेऊ देत नाहीत. तेव्हा पोळी-भाजीचा डबा दारात काढून दाखवत हुज्जत घालण्यापेक्षा तो गाडीतच पोटात जाऊ द्या. नाश्ता हलका ठेवा. भरपेट मिसळ खाऊन गोल फिरणाऱ्या राइडवर बसलेला माझा नवरा नंतर तासभर झाडाखाली डोळे मिटून होता. ज्यांना गाडी लागते त्यांना राइडही लागतेच. त्यांनी गोळीचं डॉक्टरांना आधी विचारावं, कारण बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि तिकीट घोरण्यात जातं.

रांगेचं मात्र नीट ऐका. दार उघडलं की सगळे लोक समोर दिसेल त्या पहिल्या राइडला उभे राहतात. तुम्ही नकाशा बघून तडक लांबच्या टोकाला जा आणि तिथून उलटे मागे या. रांग किती लांब आहे हे बघण्यापेक्षा एका फेरीत किती माणसं जातात ते मोजा. थिएटरसारख्या राइडची रांग दरवाजाबाहेर आलेली असली तरी एका झटक्यात सरकते. उंच नेऊन खाली सोडणाऱ्या खांबावर मोजकीच माणसं बसतात, तिथली छोटी रांगही हलता हलत नाही. अशा राइड सकाळी पहिल्या तासात उरकून टाका. जेवण बाराला किंवा अडीचनंतर करा. एक ते दोन सगळी जनता ताटांभोवती असते, तेव्हा राइड मोकळ्या सापडतात. कोस्टरमध्ये मागच्या डब्याला उतारावर जास्त ओढ बसते, कारण पुढचे डबे आधीच खाली निघालेले असतात आणि ते मागच्याला माथ्यावरून खेचून नेतात. पहिल्यांदा बसणाऱ्याने म्हणून मधली सीट मागावी. पाण्याच्या राइड दुपारी घ्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत अंगावरच कपडे वाळतात. छोटं मूल असेल तर आई-बाबांनी आलटून-पालटून बसावं, आणि दुसऱ्याला लगेच सोडाल का, हे कर्मचाऱ्याला आधीच विचारावं.

पोरं हरवतात, हे गृहीत धरूनच निघा. सकाळी दारातच प्रत्येकाचा फोटो काढा, म्हणजे आज अंगात कुठला शर्ट आहे ते गडबडीत आठवत बसावं लागत नाही. मनगटावर बॉलपेनने आपला फोन नंबर लिहा. लेकीला मी सांगून ठेवते, हरवलीस तर चालायचं नाही, उभं राहायचं आणि गणवेशातल्या माणसाला सांगायचं. मोठ्यांची भेटायची जागाही ठरलेली असू द्या, कारण गर्दीत फोन लागेलच असं नाही.

एवढं सगळं झाल्यावर घरचं राहतं. सोमवारचं दप्तर शनिवारीच भरून ठेवा, गणवेश इस्त्री करा. घराची किल्ली पिशवीच्या वरच्या कप्प्यात टाका. पोर खांद्यावर झोपलेलं असताना ती तळातून शोधता येत नाही. सकाळी निघताना मुगाची डाळ आणि तांदूळ एका डब्यात मोजून ओट्यावर काढून ठेवा. रात्री आल्यावर नुसतं धुऊन कुकर चढवायचा, तीन शिट्ट्या काढायच्या आणि वर तूप.