सोलापूरच्या कोरड्या थंडीत गाजर कसं टिकवायचं

येळवशीच्या म्हणजे वेळ अमावस्येच्या भज्जीत गाजर लागतं, भोगीच्या खेंगटात, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत, तर लागतंच लागतं. तोवर बाजारात गाजराला मागणी असते. अडचण अशी की आपल्याकडे बहुतेकांची पेरणी दसऱ्याच्या मागेपुढे एकदमच उरकते, त्यामुळे काढणीही एकदमच येते. मग संक्रांत सरली की वस्तीवरच्या पडवीत गाजराचे ढीग सुकत पडतात आणि शेवटी गुरांपुढे जातात. पाच-दहा गुंठे गाजर करणाऱ्यांनी किंवा घरापुरतं माळवं, म्हणजे भाजीपाला, लावणाऱ्यांनी आत्तापासून थोडं नियोजन केलं, तर हाच माल फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ताजा ठेवता येतो.

आपल्या जिल्ह्यात साठवण म्हटली की आधी कांद्याची चाळ आठवते. कांदा सुकवायचा, खालून-वरून वारा खेळता ठेवायचा, ओल लागू द्यायची नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या हाताला बसलेलं आहे. तोच नियम गाजराला लावला की माल गेलाच म्हणून समजा. कांद्याला स्वतःची सुकी साल असते, ती आतलं पाणी धरून ठेवते. गाजराची साल इतकी पातळ असते की नखाने निघते, आणि आत 88 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. उघड्यावर ठेवलेलं गाजर दिवसरात्र पाणी सोडत राहतं. 100 किलोतलं 8 किलो पाणी उडालं की गाजर लिबलिबीत होतं आणि गिऱ्हाईक हात लावत नाही. म्हणून गाजराला हवा गार आणि दमट हवी. वाऱ्याचा झोत त्याच्या अंगावर येता कामा नये.

यूट्यूबवर थंड देशांतले व्हिडिओ पाहून काही जण खड्डा खणून गाजर पुरायला निघतात. तिकडे जमीनच गारठलेली असते, म्हणून तो उपाय महिनोन्‌महिने चालतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा 30 वर जातो. जमिनीत तेवढा गारवा मुरत नाही. ज्वारीच्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या बंद खड्ड्यात, गाजर ठेवण्याचा विचार तर करूच नये. काढलेलं गाजर जिवंत असतं, श्वास घेतं. बंद पेवात त्याचीच ऊब आणि वाफ कोंडते, माल सडतो, आणि कोंडलेल्या हवेमुळे आत उतरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं.

सगळ्यात स्वस्त कोठार म्हणजे आपलं रान. तयार झालेलं गाजर एकदम उपटण्याची घाई नको. जातीप्रमाणे 75 ते 100 दिवसांत गाजर तयार होतं, आणि थंडी असेपर्यंत ते पुढे दोन-तीन आठवडे वाफ्यात चांगलं राहतं. त्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, गाजराची डोकी मातीबाहेर दिसत असतील तर खुरप्याने दोन्ही बाजूंची माती ओढून ती झाकून घ्या. ऊन लागलं की डोकं हिरवं पडतं आणि तेवढा भाग कडवट होतो. दुसरी, पाणी हलकं आणि नेमाने द्या. रान पार सुकवून मग भरपूर पाणी सोडलं की गाजर उभं चिरतं. काळ्या रानात हा त्रास जास्त, कारण भेगाही तिथेच पडतात. ठिबक असेल तर थोडं-थोडं रोज किंवा एक दिवसाआड द्या. उंदीर-घुशींची बिळं दिसली तर मात्र त्या पट्ट्यातलं गाजर आधी काढा, कारण कुरतडलेलं एक गाजर शेजारच्या चारांना कूज लावतं.

रानात ठेवण्याची मुदत जातीवरही ठरते. पुसा केसर, पुसा रुधिरा यांसारखी लाल गाजरं आणि आपलं देशी गाजर ऊन वाढू लागलं की फुलाचा दांडा टाकायला बघतात. दांडा वर आला की आतला गाभा काठीसारखा कडक होतो आणि मग त्या गाजराला चवही राहत नाही. म्हणून लाल गाजर आधी संपवा, नारिंगी मागे ठेवा. रथसप्तमीनंतर दुपारचं ऊन चढू लागतं, तेव्हा वाफ्यात तयार गाजर शिल्लक ठेवू नका.

साठवणीचं निम्मं काम काढणीच्या दिवशीच होतं, म्हणून तिथे जरा जास्त लक्ष द्या. काढणीच्या आदल्या दिवशी, भारी जमीन असेल तर दोन दिवस आधी, हलकं पाणी देऊन रान वाफशावर आणा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली हवी. कोरड्या रानात पाला धरून उपटलं तर बूड मोडून मातीतच राहतं. टिकाव लांबून, ओळीच्या बाजूने घाला आणि माती सैल झाली की गाजर हाताने वर घ्या. हे काम पहाटे सुरू करून ऊन तापायच्या आत आटपा. पहाटेचं गाजर हाताला गार लागतं. तो गारवा फुकटचा आहे, तो उन्हात घालवू नका. पाटी भरली की लगेच झाडाखाली न्या, वर ओलं गोणपाट टाका.

पाला तिथल्या तिथे काढा. पाला हिरवा आणि ताजा दिसतो म्हणून पुष्कळ जण तो ठेवतात, पण तो गाजरातलंच पाणी ओढून स्वतः हिरवा राहतो. जुडी बांधून दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायची असेल तर पाला चालेल. शीतगृहातसुद्धा पाल्यासकट गाजर दहा-बारा दिवसांवर जात नाही, बिनपाल्याचं मात्र काही महिने राहतं, एवढा हा फरक आहे. एका हाताने गाजर धरा, दुसऱ्या हाताने पाला मुळाशी धरून पिळा, तो सुटून येतो. विळ्याने कापायचा असेल तर डोक्यावर बोटाच्या पेराच्या निम्मा देठ राहू द्या. डोक्याच्या गरात विळा गेला की तिथून कूज आत शिरते. काढलेला पाला गुरांना घाला.

मग निवड. चिरलेलं, टिकाव लागलेलं, दोन-तीन पाय फुटलेलं, गाठी आलेलं, उंदराने तोंड लावलेलं गाजर साठवणीत घालायचं नाही. ते आठवड्याच्या आत घरात वापरा किंवा विका. गाठी फार दिसत असतील तर रानात सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी, आहेत, तिथे पुढच्या वर्षी गाजर नको. साठवणीचं गाजर सरळ, मध्यम जाडीचं, अखंड सालीचं असावं. दोन्ही हातांत धरून वाकवून पाहा. कट्‌कन मोडलं तर त्या ओळीतला माल साठवणीला योग्य. नुसतं वाकलं, मोडलंच नाही, तर त्यातलं पाणी आधीच कमी झालंय.

साठवायचं गाजर धुऊ नका. सुकी माती हाताने झटकली की पुरे. धुवायचं ते उद्या बाजारात जाणारं तेवढंच, आणि तेही स्वच्छ पाण्यात. हौदात गाजर टाकून पायाने तुडवून धुण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. माल लालभडक दिसतो, पण साल खरचटते आणि दोन दिवसांत पांढुरकी पडते. असं गाजर साठवणीत टिकत नाही.

घरापुरत्या वीस-तीस किलोंसाठी ओली वाळू उत्तम. नदीची वाळू मिळणं आता अवघड आणि महाग झालंय, तेव्हा रोपवाटिकेतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेतलं तरी चालतं. फक्त ते आधी एकदा पाण्यात धुऊन पिळून घ्या, कारण त्यात क्षार असतात. वाळू किंवा कोकोपीट किती ओलं हवं हे हातानेच कळतं. मूठ घट्ट दाबली की गोळा व्हावा, बोटांतून पाणी निथळू नये, आणि बोट लावलं की गोळा फुटावा. लाकडी खोकं, जुना रांजण, बुडाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा ड्रम, काहीही घ्या. तळाला दोन बोटं थर, त्यावर गाजरं आडवी, एकमेकांना चिकटू न देता, पुन्हा दोन बोटं थर, असं वरपर्यंत भरत जा. खोकं घराच्या उत्तरेकडच्या खोलीत, जिथे ऊन येत नाही तिथे ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये नको, दुपारी तिथे भट्टी होते. आठ दिवसांनी वरचा थर चाचपून पाहा, सुकला असेल तर पाणी शिंपडा, ओतू नका. कडाक्याची थंडी असेल तर असं गाजर तीन-चार आठवडे कडक राहतं.

दोन-चार क्रेट माल असेल तर विटांचा शीतकक्ष बांधा. वीज लागत नाही म्हणून त्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत रॉय आणि खुर्दिया या शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात तो तयार केला. पाणी उडताना आजूबाजूची ऊब घेऊन जातं, या माठाच्याच तत्त्वावर तो चालतो. कोकणासारख्या दमट भागात पाणी सावकाश उडतं, तिथे तो बेताचाच गार होतो. आपल्याकडे थंडीतली हवा कोरडी असते, म्हणून सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला या भागात तो चांगला काम देतो. जी कोरडी हवा पडवीतलं गाजर सुकवते, तीच इथे ओल्या विटांवरून गेली की आतला माल गार ठेवते. उघड्यावर जेवढे दिवस गाजर राहतं त्याच्या साधारण दुप्पट दिवस ते या कक्षात राहतं. वाळूत भरलेलं खोकं जर याच कक्षात ठेवलं तर आणखी बरं.

बांधायला गवंडी लागत नाही. सावलीतली पण वारा लागणारी, पाणी न साचणारी उंच जागा निवडा, कडुलिंबाखालची असेल तर उत्तम. साधारण 165 बाय 115 सेंटिमीटरचा विटांचा तळ घाला. त्यावर कडेने विटांच्या दोन भिंती, दोन्हींमध्ये 7.5 सेंटिमीटरची फट, उंची 67 सेंटिमीटरच्या आसपास. सिमेंट लावू नका, कारण पाणी विटेच्या छिद्रांतूनच पाझरायला हवं. मधल्या फटीत स्वच्छ, ओली वाळू भरा. झाकण बांबूच्या तट्ट्याचं, वर गोणपाट किंवा जुनी सोलापुरी चादर, तीही ओली. एवढ्या कक्षात 100 किलोपर्यंत माल भोकांच्या क्रेटमध्ये मावतो. पहिल्या दिवशी विटा पाणी प्यायच्या थांबेपर्यंत भिजवा, मगच माल भरा. पुढे सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी द्यायचं. फटीवरून ठिबकची नळी फिरवून टाकीला जोडली की हेलपाटे वाचतात आणि पाणीही मोजकंच लागतं. बोअरचं पाणी फार क्षाराचं असेल तर विटांवर पांढरा थर धरतो आणि छिद्रं बुजतात, तिथे जमेल तेव्हा विहिरीचं किंवा कालव्याचं पाणी वापरा. पाणी भिंतींना द्यायचं, गाजराच्या अंगावर नाही.

चार-पाच दिवसांनी क्रेट उपसून बघाच. बोटाला चिकट लागणारं, वास येणारं, पांढरी किंवा काळी बुरशी धरलेलं गाजर लगेच काढा आणि शेजारची दोन-तीनही बाजूला करून आधी वापरा. डोक्यावर नवी पानं फुटली तर घाबरू नका. ती खुडा आणि तो माल पुढच्या बाजाराला काढा.

एक चूक मात्र पुष्कळ घरांत होते. गाजराच्या शेजारी पिकायला ठेवलेले पेरू, केळी, सीताफळ किंवा टोमॅटो असतात. पिकताना ही फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने गाजर कडू होतं, आधी साल आणि मग गर. कितीही गार ठेवलं तरी हा कडवटपणा मग जात नाही. फ्रिजमध्येही हाच नियम. गाजर भोकं असलेल्या पिशवीत, खालच्या कप्प्यात, फळांपासून लांब. शेजारी डाळिंब असलं तर हरकत नाही, ते फारसा इथिलीन सोडत नाही.

शीतगृहाबद्दल दोन शब्द. 0 ते 1 अंश तापमान आणि 95 टक्क्यांवर आर्द्रता मिळाली तर पाला काढलेलं गाजर चार-सहा महिने राहतं. पण पंढरपूर भागातली बरीच शीतगृहं बेदाण्यासाठी चालतात, आणि बेदाण्याला हवा कोरडी लागते. त्या खोलीत ठेवलेलं गाजर गार राहील पण सुकून जाईल. भाडं ठरवण्याआधी आर्द्रता किती ठेवतात ते विचारा. पाच-दहा गुंठेवाल्याने या वाटेला जाऊ नये असंच माझं मत आहे, भाडं आणि वाहतूक मिळून हातात काही उरत नाही. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत गाडीभर माल जमत असेल तरच विचार करा.

त्याऐवजी पुढच्या वर्षी पेरणीच वाटून घ्या. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत दर पंधरा-वीस दिवसांनी एक वाफा टाकला की काढणी आपोआप पसरते आणि साठवायचा माल थोडाच राहतो. यंदा अजून एखादा वाफा टाकायचा असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे जाऊ नका. उन्हात वाढलेलं गाजर रंगाला फिकं आणि चवीला उग्र होतं.

फेब्रुवारीच्या मध्याला जे उरेल ते टिकवायच्या नादी लागू नका. चकत्या करून उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवा, निथळून पातळ कापडाखाली वाळवा. थेट उन्हात रंग आणि जीवनसत्त्व दोन्ही जातं. थोड्याचं लोणचं घाला, थोडं किसून फ्रीजरमध्ये ठेवा. कक्ष रिकामा झाला की फटीतली वाळू काढून उन्हात पसरा, विटा चुन्याच्या निवळीने धुऊन सुकू द्या. मार्चमध्ये वाळू पुन्हा भरून घेतली तर उन्हाळाभर मेथी, कोथिंबीर आणि पालक एक दिवस जास्त ताजे ठेवायला तोच कक्ष उपयोगी पडतो.