फक्त सकाळी येणारा "टक": सस्पेन्शनचं काम शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा 2 वर्षांचा ट्रेड करून नुकतेच वर्कशॉपला लागलेल्या मुलांसाठी हे लिहितोय, कारण इंजिनचं काम शिकवणारे भरपूर मिळतात पण आवाज शोधायला कोणी नीट शिकवत नाही, आणि त्यातही कधी येतो कधी येत नाही असा आवाज असेल तर भलेभले पार्ट बदलत सुटतात. मीही तेच केलं होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

पुण्यात आमच्याकडे एक दोन सीटची स्पोर्ट्स कार आली होती, इंजिन सीटच्या मागे, डिकी पुढे, पुढे मागे चारही चाकांना स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आणि अ‍ॅल्युमिनियमचे आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे दांडे). साहेबांची तक्रार एका ओळीची, पुढून डावीकडून टक असा आवाज येतो, पण फक्त सकाळी. संध्याकाळी ऑफिसवरून येताना गाडी एकदम शांत. जॉब कार्डवर तेवढंच लिहिलं आणि आम्ही सगळे एकाच दिशेला गेलो, की सकाळी गार असतं, रबर कडक होतं, म्हणजे बुश (सांध्यातला रबराचा तुकडा) नाहीतर लिंक रॉड (स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणारा आडवा बार, त्याला चाकाकडे जोडणारी छोटी दांडी). विचार चुकीचा नव्हता, गार रबर खरंच कडक होतं आणि करकर करतं. पण तो "टक" होता, करकर नव्हती, आणि हा फरक मी तेव्हा लक्षातच घेतला नाही.

ट्रायल घेतली, स्पीडब्रेकर, खड्डे, चांदणी चौकाकडचा चढ उतार, काहीच नाही. तरी मी पुढचे दोन्ही लिंक रॉड बदलायला सांगितले, कारण अशा तक्रारीत बहुतेक वेळा तेच निघतात. गाडी दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन, आवाज आहे तसाच. त्यांचे पैसे गेले आणि दोष जागेवरच, हे मला आजही खटकतं. लिंक रॉड बदलायच्या आधी तो सोडून बघता येतो, दोन्ही बाजूचे काढून बांधून ठेवायचे आणि आवारात हळू चालवायची, आवाज गेला तर दोष लिंकमध्ये किंवा बारच्या बुशमध्ये, नाही गेला तर तिकडे बघायचंच नाही. आणि लिंकचा प्ले, म्हणजे ढिलाई, हाताने बघताना दोन्ही चाकं लटकलेली पाहिजेत किंवा दोन्ही जमिनीवर. एकच चाक उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंक ताणून बसते आणि प्ले असला तरी हाताला लागत नाही.

गाडी परत आली तेव्हा आमचे फोरमन काका म्हणाले, गाडीला हात लावू नकोस, आधी साहेबांना विचार सकाळी घरातून निघाल्यापासून पहिली पाच मिनिटं ते काय काय करतात. मला वाटलं यात काय विचारायचं. पण विचारलं. साहेब म्हणाले, सोसायटीचं पार्किंग अरुंद आहे, गाडी रिव्हर्स काढतो, मग गेटपाशी वॉचमन थांबवतो, तिथे टक होतं आणि मग दिवसभर काही नाही. संध्याकाळी? संध्याकाळी सरळ पुढून आत घालतो. म्हणजे सकाळ आणि गारठ्याचा काही संबंधच नव्हता, संबंध रिव्हर्सचा होता! रिव्हर्सनंतर पुढे जाताना जो पहिला ब्रेक लागतो त्याला एकच टक, नंतर परत रिव्हर्स घेईपर्यंत काहीच नाही. आमच्याकडे गाडी आत बाहेर करणारा मुलगा रिव्हर्स काढून द्यायचा आणि मी बसून पहिला ब्रेक आवारातच मारायचो, शेजारी कॉम्प्रेसर चालू, कसा ऐकू येणार. कॉम्प्रेसर बंद करून, पुढची डिकी रिकामी करून (टूलकिट आणि टो हुक पण असाच आवाज करतात, ते आधी बाहेर काढायचंच), मागे पुढे केलं, तर दहापैकी दहा वेळा टक.

आवाज आपल्या हुकमाने काढता आला की अर्धं काम झालं. तोपर्यंत पाना उचलायचा नाही, हे एवढं लक्षात ठेवा. स्कॅनर लावून उपयोग नाही, ढिल्या बोल्टचा कोड येत नाही.

आता दिशा बदलली की एक टक, हे ब्रेक पॅडचंही लक्षण आहे, पॅड कॅलिपरमध्ये (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) थोडा सरकतो. म्हणून पॅड काढले, बसायच्या जागा साफ केल्या, परत बसवले, आवाज तसाच. खडबडीत रस्त्यावर खडखड असेल तर त्याला अजून सोपी परीक्षा आहे, पाय ब्रेकवर हलका ठेवायचा, खडखड थांबली तर पॅडकडे बघायचं.

मग गाडी रॅम्पवर घेतली आणि पांढऱ्या पेंट मार्करने पुढच्या प्रत्येक आर्मच्या आतल्या टोकाला रेघ मारली, बुशच्या मधल्या लोखंडी नळीवरून ब्रॅकेटवर जाणारी. खाली उतरवून पाच वेळा मागे पुढे, दर वेळी ब्रेक. परत वर घेतली, टॉर्च मारला. डाव्या लोअर आर्मची रेघ तुटली होती, केसाएवढी सरकलेली, पण तुटलेली. आणि त्याच जागी ब्रॅकेटच्या कडेला लालसर भुकटी, मिरचीपूड सांडावी तशी, आणि बोल्टच्या डोक्याभोवती चकचकीत कडं. दोन धातू एकमेकांवर घासले की अशी गंजाची भुकटी पडते. बोल्ट हाताला घट्टच लागत होता. टॉर्क रिंच (ठरलेल्या जोराला क्लिक होणारा पाना) लावला तर क्लिक व्हायच्या आधी जवळपास पाव फेरा फिरला.

गाडीचे स्ट्रट आधी दुसरीकडे बदलले होते, तेव्हा हा बोल्ट सोडलेला असणार. बुश उघडून बघितला तर रबरही एका बाजूला फाटायला लागलेलं, चाक लटकत असताना बोल्ट आवळला की असं होतं. हे नीट समजून घ्या. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लटकत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसता बसवायचा, चाकावर वजन देऊन गाडी नेहमीच्या उंचीला आणायची आणि मग शेवटचा टॉर्क. बोल्ट बरेचदा एकदाच वापरायचा असतो, टॉर्कनंतर अंशात फिरवायचाही असतो, ते मॅन्युअलमध्ये बघायचं, अंदाजाने नाही. आम्ही आर्म आणि बोल्ट नवीन टाकला आणि व्हील अलाइनमेंट केली, आर्म हलवला की ती करावीच लागते.

स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त जाणवतं कारण टायरची बाजू बुटकी, स्प्रिंग कडक, बऱ्याच गाड्यांत रबराऐवजी बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा धातूचा सांधा), त्यामुळे जराशी ढिलाई सीटपर्यंत पोचते. आणि आवाज धातूतून प्रवास करतो, डावीकडचा कधीकधी उजवीकडून वाटतो. कानावर शंभर टक्के विसंबू नका, रेघ मारा.

करकर असेल तर एकेका बुशवर पाण्याचा फवारा मारून बघा, ज्यावर मारल्यावर आवाज बदलतो तोच. ऑइल मारू नका, रबर फुगतं. बॉल जॉइंट बघताना त्याच्यावरचं वजन काढावं लागतं, स्प्रिंग लोअर आर्मवर असेल तर जॅक आर्मखाली, स्ट्रट असेल तर चाक लटकू द्या आणि टॉमीने (लोखंडी पहारीने) हळू उचकटून ढिलाई बघा. अ‍ॅल्युमिनियमवर हातोडा नको. आणि आवाजासोबत स्टिअरिंग भरकटत असेल तर ट्रायल घेऊ नका, गाडी टो करून आणा. लोअर आर्म सुटला तर चाकच जाईल.

नवीन बोल्टवरही मी पांढरी रेघ मारली होती. दोन आठवड्यांनी साहेबांना बोलावून गाडी वर घेतली, चिखल पुसला, रेघ अखंड होती. मग आवारात दहा वेळा मागे पुढे केली, कॉम्प्रेसर बंद ठेवून.