दुबईला निघण्याआधी कागद ओटीवर मांड

गणपती उठले की आमच्या दापोलीकडच्या वाडीतली पोरं आखातात जायचं मनावर घेतात. मी एकवीस वर्षं शारजात एसीची कामं केली, म्हणून जाण्याआधी बरीचशी माझ्या ओटीवर येऊन बसतात. मी आधी पगार विचारत नाही. व्हिसा बघायला मागतो.

तूही आधी तेच बघ. त्यावर व्हिजिट किंवा टुरिस्ट लिहिलं असेल तर तिकीट काढू नकोस. "तिकडे गेल्यावर बदलून देतात," असं एजंट छातीठोक सांगेल. पण त्या व्हिसावर काम करणं अमिरातीत बेकायदा आहे. मुदत संपली की दिवसाला ५० दिर्‍हम दंड चढत जातो, आणि तो तुझ्या नावावर चढतो, एजंटच्या नाही. नोकरीसाठीचा प्रवेश परवाना वेगळा असतो. त्याची मुदत ६० दिवसांची, आणि तेवढ्यात मेडिकल, एमिरेट्स आयडी, राहण्याचा व्हिसा हे सगळं कंपनीने उरकायचं असतं.

आता एजंट. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी झालेल्या एजंटांची यादी आहे, त्यात त्याचं नाव शोध. यादीत नसेल तर तो गावातल्या कुणाचा कोण लागतो याला काही अर्थ नाही. नोंदणीवाल्यालाही ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. पावती माग. लाख-सव्वा लाखासाठी हापूसची कलमं गहाण टाकलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे पुन्हापुन्हा सांगतो.

दहावी पास असशील तर पासपोर्ट काढतानाच ते प्रमाणपत्र जोड. नाहीतर पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'जाण्याआधी सरकारी तपासणी हवी' असा शेरा पडतो, आणि आखातातल्या नोकरीला निघण्याआधी सरकारची वेगळी मंजुरी लागते. ईसीआरवाल्यांनी त्या मंजुरीला कटकट समजू नये. तिच्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावी लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि वर कर. अपघातात माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला तर १० लाखांचं संरक्षण.

करारापाशी मात्र मी पोराला अर्धा तास तरी बसवून ठेवतो. १९९८ साली मला मुंबईत १,००० दिर्‍हमांचा कागद दाखवला होता. शारजात उतरल्यावर गाडीतच अरबी कागदावर सही घेतली. पहिला पगार हातात आला तेव्हा कळलं, त्यावर ६५० लिहिले होते. पासपोर्ट कंपनीच्या लोखंडी कपाटात. दुसर्‍या पावसात वडील गेले, आणि ते कपाट माझ्यासाठी काही उघडलं नाही. बाराव्यालासुद्धा मी इथे नव्हतो.

आज कायदा कामगाराच्या बाजूने बराच पुढे आला आहे. ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला समजेल अशा तिसर्‍या भाषेतही मिळतं. मराठी नाही, पण हिंदी आणि उर्दू आहेत. ते इथेच माग, आणि नीट वाचल्याशिवाय सही करू नकोस. पुढचा करार त्याच्याशी जुळला पाहिजे. २०२२च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या कामगार कायद्याप्रमाणे मालकाला तुझा पासपोर्ट अडकवून ठेवता येत नाही, आणि भरतीचा खर्चही तुझ्याकडून वसूल करता येत नाही.

कागदात मूळ पगाराचा, म्हणजे भत्ते सोडून उरणारा, आकडा शोध. एकूण १,५०० दिर्‍हम ऐकून पोरं खूश होतात. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर निघते: पहिली पाच वर्षं, दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. मूळ १,००० असेल तर पाच वर्षांचे ३,५०० दिर्‍हम होतात, ६०० असेल तर २,१००. एकूण पगार तोच, काम तेच, आणि १,४०० दिर्‍हम गेले.

पासपोर्ट, व्हिसा, ऑफर लेटर, एजंटची पावती, विमा या सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढ. एक संच तुझ्या बॅगेत, दुसरा घरी आईजवळ. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो पुरे नाहीत. फोन हरवतो, नंबर बंद पडतो. तिकडे काही बिनसलं तर घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार करता येते, पण तेव्हा पासपोर्ट नंबर आणि कंपनीचं नाव लागतं. माझ्या आईला तेव्हा कंपनीचं नावसुद्धा सांगता आलं नव्हतं.

अमिरातीत उतरलास की भारतीय वकिलातीच्या मदत केंद्राचा नंबर पाठ कर: ८०० ४६३४२. पुढचे पाच आकडे फोनच्या बटणांवर दाबून बघ, त्यांवरच्या इंग्रजी अक्षरांतून इंडिया होतं. हा नंबर तिथूनच लागतो, इथून नाही. म्हणून आईच्या संचावर मदद पोर्टलचं नाव मोठ्या अक्षरांत लिही, आणि निघायच्या आदल्या रात्री बहिणीच्या फोनवर ते एकदा उघडून दाखव.