डॅशकॅमला 32 जीबी का पुरेना

लातूरहून छत्रपती संभाजीनगरला निघालो होतो. अंबाजोगाईच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीनं डाव्या दाराला घासत नेलं. म्हटलं, डॅशकॅममध्ये, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्यात, आलंच असेल. सहा तासांनी पोचून कार्ड लॅपटॉपला लावलं, तर पहिली फाईल केजच्या पुढची! कार्ड भरल्यावर जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं गेलं होतं. धक्का हलका असल्यानं ती क्लिप लॉकही (पुसली जाऊ नये म्हणून राखून ठेवलेली) झाली नव्हती. फार जिवाला लागलं.

मग हिशेब मांडला. माझा कॅमेरा फुल एचडीत सेकंदाला 16 मेगाबिट लिहितो. आठानं भागलं की 2 मेगाबाइट, म्हणजे तासाला 7.2 जीबी. 32 जीबीत जेमतेम सव्वाचार तास! मागचाही कॅमेरा असेल तर त्याहून कमी. तुमच्या कॅमेऱ्याचा तासाचा आकडा काढायला एक मिनिटाची क्लिप घ्या, तिचा साईज बघा आणि साठानं गुणा.

128 जीबीचं घेतलं. आता सतरा तास मावतात, जाऊन-येऊन निवांत. घेण्याआधी कॅमेरा किती जीबीपर्यंत चालवतो ते माहितीपुस्तिकेत बघितलं, कारण काही कॅमेरे 64 च्या वर ओळखतच नाहीत.

कार्ड मात्र 'हाय एन्ड्युरन्स', म्हणजे सततचं लिहिणं-पुसणं सोसणारंच घ्या. सतत लिहून-पुसून साधं कार्ड लवकर झिजतं, त्यात आपल्याकडं मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची काच हात लावू देत नाही. नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं. महिन्यातून एकदा पुन्हा करतो, हवी ती क्लिप आधी काढून घेऊन.