‘काकू, काही चांगलं आहे का?’

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात रविवारी सकाळी मी बसते. कपाटं तीन, पंखा एक. मोठी माणसं दिवाळी अंक मागतात, छोटी आपली आपण शोधून घेतात. अडतात ती नववी ते बारावीवाली. दारातूनच विचारतात, “काकू, काही चांगलं आहे का?”

‘तुला काय आवडतं?’ हे विचारू नका. “काहीही चालेल” एवढंच उत्तर येतं. मी विचारते, “अर्ध्यात टाकून दिलेलं शेवटचं पुस्तक कुठलं?” यावर मात्र तोंड सुटतं. नुसती वर्णनं होती, सगळे शहाण्यासारखे बोलत होते, वगैरे. निम्मं काम तिथेच होतं.

पुढचं म्हणजे, पुस्तकाचा मोठेपणा सांगायचा नाही. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ मी सुरुवातीला ‘आणीबाणीच्या काळातली कादंबरी’ म्हणून द्यायचे, ती न वाचताच परत यायची. आता सांगते, “नववीतल्या जोशीला शिरोडकर आवडते, आणि तिच्याशी बोलायचं कसं याचाच त्याला घोर लागलाय.” आणीबाणी वाचता वाचता भेटतेच. सिनेमा पाहिलेले “गोष्ट माहितीये” म्हणतात. त्यांना मधलंच कुठलं तरी पान उघडून देते. जोशी मनातल्या मनात जे बोलतो, ते पडद्यावर कुठून मावणार!

इंग्रजी माध्यमातल्यांना जाडजूड मराठी पुस्तक देऊन घाबरवू नका. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला शाळकरी लंपन द्या, ‘वनवास’ या संग्रहापासून. एकेक कथा सुटी वाचता येते. भाषेला बेळगावकडचं कानडी वळण आहे, म्हणून पहिलं पान मी मोठ्याने वाचून दाखवते. इंग्रजीच हवं असेल तर रेनबो रॉवेलची ‘एलिनॉर अँड पार्क’: १९८६ सालचं अमेरिकेतलं ओमाहा शहर, शाळेची बस, एका सीटवर दोघं, मध्ये कॉमिक्स. कॅसेट म्हणजे काय ते समजावावं लागतं. आणि एलिनॉरचा सावत्र बाप भयंकर आहे, हे आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात जपायचं ते इथे. एका मुलीचं मैत्रिणीशी बिनसलं होतं. मी सगळ्यांसमोर तशाच गोष्टीचं पुस्तक पुढे केलं, वर म्हटलं, “यातली अगदी तुझ्यासारखी आहे बघ.” पुस्तक टेबलावर ठेवून ती गेली, दोन महिने फिरकली नाही. चूक सपशेल माझी.

तेव्हापासून दोन-तीन पुस्तकं टेबलावर मांडते आणि रजिस्टरात डोकं घालते. सतरा-अठराच्यांसाठी त्यात सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ असते. भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. आधी तनय बोलतो, मग अनुजाची डायरी. शेजारी बेंजामिन अलिरे साएन्झची ‘अ‍ॅरिस्टॉटल अँड दान्ते’. अमेरिकेतल्याच एल पासो शहरातला १९८७चा उन्हाळा, पोहता न येणारा अ‍ॅरी आणि ‘मी शिकवतो’ म्हणणारा दान्ते. कोण काय उचलतं याकडे बघायचं नाही. कुणासाठी, का, हेही विचारायचं नाही.

पुस्तक परत आलं की ‘काय शिकलास?’ तर नकोच. मी विचारते, “राग कुणाचा आला?” परवा दहावीतला एकजण ‘शाळा’ ठेवत म्हणाला, “जोशीचा. सरळ बोलायचं ना तिच्याशी!” आणि कानापर्यंत लाल झाला.

मी रजिस्टरात परतीची तारीख घातली.